थबकलेली तार

ओटर क्रीक, आयोवा
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय आर्डिस,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. आपली ओळख ठिपक्यांची आणि रेघांची; कागदावर आपण एकमेकांना भेटलोच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून आधी नाव सांगतो. डेल्मर क्राट्झ. ओटर क्रीकच्या रेडिओवरून बेसबॉलचे सामने सांगायचा, तो. आमचा संघ तुमच्या लिंडन फॉल्सला खेळायला आला की तू मैदानावरच्या पत्रकारांच्या माळ्यावर तारायंत्रापुढे बसून एकेका चेंडूची खबर पाठवायचीस, आणि मी इकडे शंभर मैलांवर ती कानाने टिपून गावाला सांगायचो. थोडी वाढवून. म्हणजे बरीच वाढवून. आता आठवलं असेल. नसेल आठवलं तर पुढचं वाचून काही कळायचं नाही, आणि आठवलं असलं तरी सगळं कळेल अशी हमी देत नाही, कारण मलाच कळेनासं झालंय.

तुझा पत्ता मी चोरला. जॅनिस प्रूइट म्हणून एक बाई आहेत, कॉलेजात इतिहास शिकवतात. त्या आपल्या जुन्या लीगवर पुस्तक लिहितायत. माझी मुलाखत घेताना त्यांच्या टेबलावर तुझ्या नावाचं कार्ड पडलं होतं, ते मी समोरून, उलट्या बाजूने वाचलं. रेल्वेच्या डेपोत झाडू मारता मारता दुसऱ्यांच्या तारा ऐकून ज्याने मोर्स शिकून घेतली, त्याला उलटं वाचणं काय अवघड. तुझा नवरा आर्नल्ड गेल्याचंही त्यांच्याच बोलण्यातून कळलं. वाईट वाटलं. माझी लूसिलही राहिली नाही. भली बाई होती, शेवटपर्यंत माझ्या बढाया ऐकत आली. तर त्या प्रूइटबाई लवकरच तुला लिहिणार आहेत. त्यांचं पत्र टाइप केलेलं असेल, प्रश्न मुद्देसूद असतील. त्याच्या आधी माझं पोचावं असं वाटलं. का वाटलं ते लिहिता लिहिता सापडेल, या भरवशावर बसलोय.

तुला ठाऊक आहे का, आपल्या या खेळावर आता किती पुस्तकं निघतात ते? माझ्या दुकानाच्या शेजारी पुस्तकांचं दुकान आहे. सोफे आणि टीव्ही विकून कंटाळा आला की मी तिथे जाऊन उभा राहतो. एक अख्खी भिंत बेसबॉलची. उन्हाळ्यात खेळ बघायचा आणि हिवाळ्यात तो वाचायचा, अशी आपल्या लोकांची वाटणी झाली आहे. नामवंत खेळाडूंची आत्मचरित्रं आहेत, आणि ती त्यांनी स्वतः वाचली असतील असं मला वाटत नाही. आमच्या इथल्या पेपरातला फ्लॉइड टेटम तुला आठवत असेल, पाइपवाला. म्हातारपणी त्याने एका नामांकित पिचरचं आत्मचरित्र लिहून दिलं. म्हणाला, डेल, त्याच्या आईचं नाव काय एवढं विचारायला एक फोन करावा लागला, बाकी पुस्तक माझंच. मग आकड्यांची पुस्तकं आहेत, त्यात माणूसच नाही. आणि आता हा नवा प्रकार निघालाय, कोणाला न आठवणाऱ्या लीगची पुस्तकं. आपली लीग मेली तेव्हा कोणी कुत्रं रडलं नाही. मोठ्या शहरांचे सामने टीव्हीवर घरात फुकट आले आणि आपली मैदानं ओस पडली. ते टीव्ही गावाला मीच विकले, म्हणून मी फार गळा काढत नाही. पण मेलेल्या माणसासारखंच आहे. तीस वर्षं झाली की तो सगळ्यांना चांगला वाटायला लागतो.

प्रूइटबाईंच्या पुस्तकात एक प्रकरण आहे 'सोबोत्काचा झेल'. घोटाळा तिथे आहे.

एमिल सोबोत्का, आमचा मधल्या मैदानाचा खेळाडू. लांब पायांचा, कमी बोलणारा, धान्याच्या कोठारावर कामाला. अट्ठेचाळीसच्या ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी तुमच्या मैदानावर त्याने शेवटच्या डावात एक झेल घेतला आणि आम्ही सामना जिंकलो. ओटर क्रीकमध्ये हा झेल कोणालाही विचार. चेंडू डोक्यावरून गेला, एमिल पाठमोरा पळत सुटला, टोपी उडाली, तरी पळतोय, कुंपणापाशी जमिनीला चढ लागला तर चढावरही पळतोय, आणि वर पोचल्यावर वळून न बघता हात मागे टाकून त्याने चेंडू घेतला. आमच्या गावातले निदान हजार लोक शपथेवर सांगतील की ते त्या दिवशी तिथे होते. तुमच्या मैदानात चारशे खुर्च्या. मी कोणाला खोटं ठरवत नाही. मी स्वतःही तिथे नव्हतो, आणि ते सगळं त्यांना मी सांगितलं होतं.

तू फक्त तुझं टोक पाहिलंस; माझ्या टोकाला काय चालायचं ते तुला कधी दाखवलं नाही. बँकेच्या वर एक खोली. खिडकीला घोंगडी मारलेली. तारायंत्राची कडकट्ट माझ्या डाव्या कानाला, मायक्रोफोन तोंडासमोर. प्रेक्षकांच्या गलक्याची एक तबकडी होती, ती मी पायाने कमी-जास्त करायचो. लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल मारली की बॅटला चेंडू लागला. चामडी पाकिटावर मूठ आपटली की चेंडू हातमोज्यात गेला. तुझ्याकडून यायचं एवढंच: मारला, जमिनीवरून, सहाने उचलला, तीनकडे, बाद. त्यातले सहा आणि तीन म्हणजे कोण ते तुला-मला ठाऊक. मैदानावरच्या नऊ जागांचे नऊ आकडे. एवढ्या हाडांवर मी मांस चढवायचो. सूर्य कुठे आहे, फलंदाज मातीत बूट कसा घासतोय, पंचाचं पोट कसं सुटलंय. लोकांना हे ठाऊक नव्हतं का? होतं आणि नव्हतं. शिष्टाचार होता तो. मालक मिस्टर हेगी म्हणायचे, क्राट्झ, निकाल बदलायचा नाही, बाकी हवामान तुझं. तो नियम मी कधी मोडला नाही. बाद म्हणजे बादच सांगितलं, भले मग तो बाद होईपर्यंत मी त्याला गावभर फिरवो.

दुसऱ्या गावांत दुसरी माणसं तारेवर असायची. त्यांचे कळ वाजवणारे हात मला आवडायचे नाहीत. एकाचा हात घाईचा, एकाचा मद्याचा. तुझा हात कसा होता ते सांगता येत नाही. एवढंच सांगतो की तू पहिली अक्षरं वाजवलीस की मी खुर्ची पुढे ओढायचो. तिखट कानाचा म्हणून गावात माझी ख्याती होती, पण ते कान खरे तुझ्या हाताने तयार केले. तुमच्याकडे पावसाचा शिडकावा झालेला मला कळायचा, तू लिहायच्या आधी. तुझा वरिष्ठ मागे येऊन उभा राहिला की तुझ्या रेघा ताठ व्हायच्या. त्या झेलाच्या आदल्या उन्हाळ्यात मी दोनदा बसने लिंडन फॉल्सला आलो, आपण स्टेशनसमोर कॉफी आणि डोनट घेतलं, आणि समोरासमोर आपल्याला बोलायला काहीही सुचलं नाही. तू म्हणालीस, तुम्ही रेडिओवर फार बोलता म्हणे. मी म्हणालो, हो. झालं. परतीच्या बसमध्ये मला पन्नास वाक्यं सुचली. तेव्हाच मी तुमचं मैदान पाहिलं, आणि कुंपणापाशी रेल्वेच्या बांधाचा तो चढही.

आता त्या झेलाचं. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, तुमचे दोन गडी बेसवर, दोन बाद झालेले. तुझ्याकडून आलं: मारला. मध्ये. लांब. मी पेन्सिल मारली, तबकडी चढवली, म्हणालो, चेंडू वर गेलाय, लांब जातोय, सोबोत्का मागे वळतोय. आणि तार थांबली.

तार थांबली म्हणजे तुझा हात थांबला. रेडिओवर गप्प राहता येत नाही, आर्डिस. गप्प राहिलं की लोक आपलं यंत्र बिघडलं म्हणून त्याला थपडा मारतात. चेंडू हवेत, पुढे काय झालं ते मला माहीत नाही, निकाल मी ठरवायचा नाही. मग मी काय करणार? एमिलला पळवलं. तू बोलेनास, म्हणून तो पळत राहिला. टोपी उडवली, त्यात थोडा वेळ गेला. मैदान संपत आलं, तेव्हा मला तो चढ आठवला, त्यावर त्याला चढवलं. आता पुढे कुंपण, त्याच्या पलीकडे रेल्वे, पळवायला जागाच उरली नाही. तेवढ्यात तुझा हात आला: आठ. बाद. संपला. आठ म्हणजे एमिल. मी त्याचा हात मागे टाकला आणि चेंडू त्यात ठेवला. तू जितका वेळ थांबलीस तितका लांब तो झेल झाला. चेंडू एवढा वेळ हवेत राहत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. इतर कोणाला कळलं नाही. खाली रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते.

पुढचं तर आणखी गमतीचं. फ्लॉइडच्या पेपराला परगावच्या सामन्यांना माणूस पाठवणं परवडायचं नाही. फ्लॉइड घरी पाय बादलीत सोडून माझा रेडिओ ऐकायचा आणि 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून लिहायचा. सोमवारी पेपरात झेल आला, चढासकट. तो शेजारच्या तीन पेपरांनी उचलला. आता प्रूइटबाई मला सांगतात, मिस्टर क्राट्झ, रेडिओचा पुरावा आहे, त्याला चार वर्तमानपत्रांचा स्वतंत्र दुजोरा आहे. काय सांगू त्यांना? माझाच आवाज फिरून फिरून माझ्याच दारात आला आणि त्याने टाय बांधलेला होता. मी म्हणालो, बाई, ते पाची साक्षीदार माझ्याच खोलीत बसले होते. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय.

बरं, नुसतं एवढंच असतं तर मी सरळ सांगितलं असतं की झेल माझा, पुस्तकातून काढा. पण बाई पक्क्या आहेत. त्यांना तुमच्या गावातला एक म्हातारा सापडला, लेरॉय डनकर्क नावाचा, त्या दिवशी स्वतः मैदानात बसलेला. तो ओटर क्रीकचा रेडिओ कशाला ऐकेल? त्याने लिहून कळवलंय की सोबोत्का पळताना त्याचा एक बूट निघाला आणि तो नुसत्या मोज्यावर पळाला. बूट. मी टोपी उडवली होती, बुटाला मी हात लावला नव्हता. आणि एमिल पहिल्यापासून बूट निघाल्याचं सांगत आलाय, मी त्याला दर वेळी हसलोय. मग काय, खरंच तो पळाला? मी इथे खोलीत बसून त्याला पळवत होतो तेव्हा तो तिकडे आपला आपण पळतच होता? पण मग बाईंनीच नगरपालिकेचे कागद काढले, तर तो बांधाचा चढ खणून सपाट केलेला निघाला. कधी? अट्ठेचाळीसच्या वसंतात की एकोणपन्नासच्या, यावर तुमच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागलंय आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. डनकर्क म्हणतो चढ होता, मी त्याला चढताना पाहिलं. चढ आधीच गेलेला असेल तर डनकर्कने पाहिलं ते काय? आणि चढ खोटा ठरला तर बूटही खोटा का? रोज सकाळी मी एका बाजूचा होतो आणि जेवणापर्यंत दुसऱ्या बाजूचा.

त्या झेलाने एमिलचं काय केलं ते तुला कळलं नसेल. मोठ्या लीगचा एक माणूस खेळाडू हेरत हिंडायचा. तो त्या रविवारी मोटारीतून जाताना माझा रेडिओ ऐकत होता. पुढच्या मार्चमध्ये एमिलला फ्लोरिडाच्या शिबिराला बोलावणं आलं. गाव स्टेशनवर लोटलं होतं, बँड होता. महिना संपायच्या आत तो परत आला, रात्रीच्या गाडीने, मुद्दाम. तिथे त्याला कोणी सांगितलं म्हणे, पोरा, चेंडू मारताही यावा लागतो. पुन्हा धान्याच्या कोठारावर. पण झेल राहिला. दर हिवाळ्यात गावच्या लॉज मंडळाच्या जेवणाला मी तो उभा राहून सांगायचो, साग्रसंगीत, आणि एमिल मान खाली घालून बटाटे खायचा. नवीन पाद्री आला की ओळख करून देताना पहिलं वाक्य तेच. मुलीच्या लग्नात व्याह्याने झेलावर भाषण केलं. एवढ्या वर्षांत त्याने बिअरला क्वचितच स्वतःचे पैसे दिले असतील. त्याच्या नावावर दुसरं काही नाही. हे मी कमीपणाने म्हणत नाही, बऱ्याच लोकांच्या नावावर तेवढंही नसतं.

तो परवा माझ्या दुकानात आला. विकायला ठेवलेल्या एका आरामखुर्चीत बसला, टोपी काढली नाही. म्हणाला, डेल, त्या बाईने मला विचारलं की चेंडू उजव्या खांद्यावरून आला की डाव्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि तुझंच वाक्य बाहेर पडलं. मी म्हटलं, मग बरोबरच असेल. तो म्हणाला, बरोबर कसं असेल, तू तिथे नव्हतास. मी म्हटलं, पण तू तर होतास ना लेका. तर म्हणतो, हो ना, तीच तर पंचाईत आहे. मला पळाल्याचं आठवतं, बूट गेल्याचं आठवतं, त्याच्या पुढचं सगळं तुझ्या आवाजात आठवतं. आता बूटसुद्धा त्याच दिवशी गेला की आणखी कधी, कोण जाणे, ते बूट माझ्या भावाचे होते, सारखेच निघायचे.

मी त्याची समजूत घालायला गेलो. म्हटलं, झेललास तर खरा, नोंद आहे, आठ, बाद. तो म्हणाला, झेल मी शेकडो घेतले असतील, जागेवर उभं राहून, ढेकर देत. त्यातलाच हा एक असला तर? मी म्हटलं, असला तर असला, आता कोणाचं काय बिघडतंय. यावर तो बराच वेळ खुर्चीची कळ खालीवर करत बसला. मग म्हणाला, माझी बायको लॉरेनही तेच म्हणते. म्हणते गप्प बस, लोक बिअर पाजतायत तर पी. पण गावात सांगितलेलं वेगळं आणि पुस्तकात छापलेलं वेगळं, डेल. गावातलं माझ्याबरोबर मरेल. पुस्तक माझ्या नातवाच्या हातात असेल, आणि त्याने विचारायला मी नसेन की आजोबा, हा पळतोय तो तुम्ही की डेल्मर क्राट्झ. माझा असेल तर मला दे. तुझा असेल तर तुझा तू ठेव, उसना नको.

तेव्हा मला त्याला तुझ्याबद्दल सांगावं लागलं. म्हटलं, तो चेंडू बघून मला कोणी कळवला असेल तर त्या तारेवरच्या बाईने. त्या माळ्यावरून सगळं मैदान दिसायचं. तो आरामखुर्चीतून उठलाच. म्हणाला, म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं माणूस आहे, जिवंत आहे, आणि तू मला इतकी वर्षं जेवणात भाषणं ऐकवलीस? मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. तो माझ्याकडे बघत राहिला. कमी बोलणारी माणसं फार बघतात. म्हणाला, तिचं नि तुझं काही होतं काय? मी म्हटलं, होतं, तारेवर. तारेवर काय असतं रे, म्हणाला. मी म्हटलं, बहुतेक करून आकडे. मग तो म्हणाला, तिला विचार. ती म्हणेल ते मी बाईंना सांगेन. तोपर्यंत पुस्तकाच्या संमतीवर माझी सही नाही आणि तुझीही नको. जाताना खुर्चीची किंमत विचारून गेला, म्हणजे राग नव्हता.

हे झालं एमिलचं काम. ते मी त्याच्या शब्दांत तुझ्यापर्यंत पोचवलं, त्याचा पत्ता खाली देतोय, त्याला सरळ लिही. माझ्यामार्फत नको. माझ्या हातून गेलेलं काहीही जसंच्या तसं पोचत नाही, हे आता त्यालाही कळलंय. जे पाहिलंस ते लिही. पळाला असेल तर पळाला, ढेकर दिला असेल तर ढेकर. तुला आठवत नसेल तर तसं लिही. आमच्यात एक आणखी भर पडेल, एवढंच. प्रूइटबाईंनाही तेच सांग. त्यांचं पुस्तक नाताळच्या आत छापायला जाणार आहे आणि त्यांना पान रिकामं ठेवता येत नाही, जसा मला रेडिओ रिकामा ठेवता आला नाही.

आणि आता माझं. आठवा डाव संपल्यावर, शेवटच्या नवव्या डावाच्या आधी, मिस्टर हेगींची बियाण्यांची जाहिरात लागायची, तेवढा वेळ माझं तोंड मोकळं असायचं. तारेची एक कळ माझ्याकडेही होती, चुकलेलं पुन्हा मागवायला. त्या झेलाच्या दिवशी मी ती दाबून तुला विचारलं की माझ्याशी लग्न करशील का. बसमध्ये सुचलेल्या पन्नास वाक्यांतलं तेवढं एकच कळीवर वाजवण्याइतकं लहान होतं. तुझं उत्तर आलं नाही. शेवटचा डाव आला, तुझा नेहमीचा हात, निदान मला तसा वाटला. मग दोन बाद, मारला, मध्ये, लांब, आणि तू थांबलीस. सामना संपला की तार बंद होते हे तुलाही ठाऊक होतं. लाइन बंद झाल्यावरही मी कळीवर बोट ठेवून बसलो होतो. पुढे आर्नल्डबरोबरच्या लग्नाची तुझी छापील पत्रिका आली, तेव्हा मी स्वतःला समजावलं की माझा प्रश्न वाटेत कुठेतरी तुटला असेल, त्या उन्हाळ्यात तारा फार तुटायच्या. ही समजूत मी लूसिलच्या सोबत सुखाने नांदवली आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण तू थबकलीस ते कशाने, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि एमिलने झेल परत मागितल्यावर लक्षात आलं की तो मागतोय तीच गोष्ट इतकी वर्षं मीही धरून बसलोय. तो खरोखरच तसा पळाला असेल, तर तुझा हात त्याच्यासाठी थांबला. नसेल, तर मग कदाचित माझ्यासाठी. एक थांबणं आम्हा दोघांना पुरणार नाही. म्हणून मला वेगळं उत्तर लिहू नकोस. एमिल तुझं पत्र घेऊन दुकानात येईल, मला वाचून दाखवेल, आणि त्यातच माझंही कळेल. सगळं आयुष्य मी घरच्या संघाच्या बाजूने बोललो, आर्डिस, एमिलवर माझा जीव आहे, आणि तरी आज सकाळपासून माझं मन सारखं एकच चित्र रंगवतंय: एमिल जागचा हललेला नाही, आणि चेंडू आयता त्याच्या हातात येऊन पडतोय.

तारेच्या या टोकाचा, अजून तुझाच,
डेल्मर

एमिल सोबोत्का, कोठार रस्ता, ओटर क्रीक, आयोवा